आगगाड्यांचे अल्पायुषी रंग : एक उपेक्षित इतिहाससाधन

१.

नारायणराव पेशव्यांची मुद्रा ज्या कागदावर आहे, त्या कागदाचा मितीचा भाग फाटून गेला असला तरी तो संशोधकास फारसा अडवीत नाहीं. नारायणरावांस पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं तीं डिसेंबर १७७२ मध्यें, आणि त्यांचा वध झाला ३० ऑगस्ट १७७३ रोजीं. अर्थात् तो कागद या सुमारें नऊ महिन्यांच्या आंतलाच असला पाहिजे. उलट सवाई माधवरावांची कारकीर्द एकवीस वर्षांची. त्यांच्या मुद्रेवरून काळाची कक्षा कळते, नेमका काळ कळत नाहीं. जें चिन्ह थोडा काळ टिकलें, तेंच काळाविषयीं अधिक नेमकें बोलतें, हा न्याय आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाचा आहे. तोच न्याय दप्तरखान्यापासून फार दूरच्या अशा एका विषयास लावून पाहावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. तो विषय म्हणजे आगगाडीच्या एंजिनांवर व डब्यांवर कांहीं काळ चढलेले आणि लवकरच उतरलेले विलक्षण रंग.

रंग ही बाह्य गोष्ट आहे, तिचा इतिहासाशीं काय संबंध, असा आक्षेप येथें कोणी घेईल. जुन्या एंजिनांचे अभ्यासक बॉयलरचा दाब, चाकांची मांडणी व बांधणीचें साल हीं काळजीपूर्वक टिपून ठेवतात, आणि रंगाची नोंद बहुधा एका शब्दांत आटोपतात. परंतु रंग हा आपोआप चढत नाहीं. तो चढविण्यास कोणाचा तरी हुकूम लागतो, खर्च लागतो, एंजिन कांहीं दिवस कारखान्यांत अडकवून ठेवावें लागतें. एखादी कंपनी आपला नेहमींचा रंग सोडते तेव्हां त्यास कारण असतें, आणि नवा रंग लवकरच पुसून टाकते तेव्हां त्यासहि कारण असतें. म्हणजे प्रत्येक अल्पायुषी रंगापाशीं दोन काळ व दोन कारणें हटकून सांपडतात. ज्या वस्तूपासून एवढें मिळतें, तिला साधन न म्हणणें हा अन्याय होय.

आमच्या वाचनांत आलेल्या अशा रंगांचे आम्ही तीन वर्ग करतों : उत्सवरंग, परीक्षारंग आणि संकल्परंग.

२.

पहिला वर्ग उत्सवरंगांचा. इंग्लंडांतील लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचीं एंजिनें १८७३ च्या सुमारापासून काळ्या रंगाचीं असत. काळ्या रंगावर काजळी दिसत नाहीं, हा त्याचा उघड गुण. १८९७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवानिमित्त या कंपनीनें आपला नियम मोडला. एफ्. डब्ल्यू. वेब याच्या आराखड्याप्रमाणें बांधलेलीं 'ग्रेटर ब्रिटन' व 'क्वीन एम्प्रेस' हीं दोन एंजिनें तिनें निवडलीं, आणि पहिल्यास तांबडा व दुसऱ्यास पांढरा रंग दिला. कोळशाच्या धुरांत दिवसरात्र राबणाऱ्या यंत्रास पांढरा रंग देणाऱ्यास तो टिकणार नाहीं हें ठाऊक नव्हतें, असें मानतां येत नाहीं. सणाचें रेशमी वस्त्र रोजच्या कामासाठीं नसतें, तसाच हा प्रकार. न टिकणें हाच त्या रंगाचा अर्थ होता.

याच महोत्सवाच्या रात्रीं, २२ जून १८९७ रोजीं, पुण्यास गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, हें येथील वाचकांस सांगावयास नको. एकाच उत्सवाचीं हीं दोन साधनें शेजारीं ठेवलीं म्हणजे उत्सवरंगाच्या साक्षीची मर्यादाहि कळते. तो रंग देणाऱ्याचें मन सांगतो, पाहणाऱ्याचें नव्हे.

दुसरें उदाहरण १९३५ चें. पंचम जॉर्ज बादशहाच्या कारकीर्दीस पंचवीस वर्षें झालीं, त्या निमित्तानें लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेनें लंडन ते न्यूकॅसल अशी 'सिल्व्हर ज्युबिली' नांवाची वेगवान गाडी सुरू केली. ती ३० सप्टेंबर १९३५ पासून नियमित धावूं लागली; त्यापूर्वीं तीनच दिवस चांचणीच्या फेरींत तिनें ताशीं ११२ मैलांचा वेग गांठला होता. नायजेल ग्रेस्ली यानें या गाडीसाठीं चार एंजिनें बांधविलीं : सिल्व्हर लिंक, क्विकसिल्व्हर, सिल्व्हर किंग व सिल्व्हर फॉक्स. नांवें रुपेरी, तसा रंगहि रुपेरी करडा. डबेहि त्याच रंगाचे. पुढें १९३७ मध्यें सहाव्या जॉर्जच्या राज्यारोहणानिमित्त त्याच कंपनीनें 'कॉरोनेशन' ही निळी गाडी काढली, आणि १९३७ व १९३८ या दोन वर्षांत हीं चारही रुपेरी एंजिनें निळीं झालीं. मग युद्ध आलें. निळा रंग जाऊन सरसकट काळा आला, आणि टेंडरावरील 'एल्. एन्. ई. आर्.' या चार अक्षरांच्या जागीं काटकसरीसाठीं 'एन्. ई.' हीं दोनच अक्षरें उरलीं.

सिल्व्हर लिंक १९६२ च्या अखेरीस कामावरून निघालें. म्हणजे सत्तावीस वर्षांच्या त्याच्या सेवेंत रुपेरी रंगाचीं वर्षें तीनहि भरत नाहींत. अशा एंजिनाचें मितीवांचून राहिलेलें छायाचित्र हातीं आलें, आणि त्यांत तें रुपेरी दिसलें, तर सत्तावीस वर्षांचा संशय तीन वर्षांच्या आंत येतो. नारायणरावांच्या मुद्रेचा न्याय तो हाच.

३.

दुसरा वर्ग परीक्षारंगांचा. १ जानेवारी १९४८ रोजीं ब्रिटनमधील मोठ्या रेल्वेकंपन्या राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. चार मोठ्या कंपन्या, त्यांचे चार जुने अभिमान, आणि आतां सर्वांस मिळून एक रंग ठरवावयाचा! त्याच महिन्यांत लंडनमध्यें केन्सिंग्टन येथें निरनिराळ्या रंगांचीं एंजिनें व डबे अधिकाऱ्यांपुढें उभे करण्यांत आले. एकाच जातीच्या कांहीं एंजिनांस वेगवेगळ्या जुन्या कंपन्यांच्या हिरव्या छटा दिलेल्या होत्या. त्यानंतर कांहीं गाड्या परीक्षेच्या रंगांत प्रत्यक्ष चालवून लोकांचें मत मागविण्यांत आलें. सर्वांत मोठ्या एंजिनांसाठीं आधीं गडद जांभळट निळा रंग झाला, १९४९ पासून त्याहून फिकट निळा आला, आणि १९५१ नंतर तोहि सोडून गडद हिरवा कायम झाला.

पोथीच्या संपादकास अशा परीक्षारंगांचें महत्त्व चटकन् कळेल. छापून निघालेला ग्रंथ ग्रंथकारानें काय ठरविलें तें सांगतो. त्याच्या हातचा खर्डा मिळाला, तर त्यानें काय काय खोडलें तें कळतें. १९५१ नंतरचा हिरवा रंग हा छापील ग्रंथ आहे, आणि १९४८ ते १९५१ चे निळे व हिरवे रंग हा खर्डा आहे. चार जुन्या अभिमानांची समजूत घालतांना नव्या कारभाऱ्यांनीं किती वेळां मन बदललें, हें त्या खर्ड्यावांचून कळत नाहीं.

४.

तिसरा वर्ग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यांत जें घडलें नाहीं त्याची साक्ष आहे. अमेरिकेंत सांता फे व सदर्न पॅसिफिक या दोन मोठ्या रेल्वेकंपन्या होत्या. डिसेंबर १९८३ मध्यें त्यांच्यावर मालकी असलेल्या मूळ कंपन्या एकत्र झाल्या. तथापि प्रत्यक्ष रेल्वे एकत्र करण्यास आंतरराज्य व्यापार आयोगाची संमति आवश्यक होती, आणि ती मिळेपर्यंत सदर्न पॅसिफिक रेल्वेचे भाग विश्वस्ताच्या हातीं ठेवण्यांत आले. संमति मिळणारच, असें धरून १९८५ पासून दोन्ही कंपन्यांनीं एंजिनें नव्या सामाइक रंगांत रंगविण्यास आरंभ केला. तांबडा, पिवळा व काळा असे ते रंग होते. कोडॅक्रोम फिल्मच्या डबीशीं त्यांचें साम्य असल्यानें लोक त्यांस 'कोडॅक्रोम' म्हणूं लागले. थोड्याच काळांत अशीं शेंकडों एंजिनें रुळांवर आलीं.

यांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अक्षरांची. जोडनांवाचीं आद्याक्षरें 'एस्. पी. एस्. एफ्.' अशीं व्हावयाचीं होतीं. पण संमति अजून आलेली नव्हती. म्हणून सदर्न पॅसिफिकच्या एंजिनांवर 'एस्. पी.' हीं दोनच अक्षरें लिहून त्यांच्या उजवीकडे जागा मोकळी ठेवली. सांता फेच्या एंजिनांवर 'एस्. एफ्.' लिहून डावीकडची जागा मोकळी ठेवली. हुकूम आला कीं उरलेलीं दोन अक्षरें भरावयाचीं, एवढेंच काम राहिलें होतें.

तो हुकूम आला नाहीं. २४ जुलै १९८६ रोजीं आयोगानें चार विरुद्ध एक अशा मतांनीं एकीकरण नाकारलें. दोघींचे मार्ग पुष्कळ ठिकाणीं समांतर होते. त्या एक झाल्यास नैऋत्येकडील राज्यांत व्यापाऱ्यांस स्पर्धेचा लाभ उरणार नाहीं, हें मुख्य कारण. पुनर्विचाराची विनंतीहि ३० जून १९८७ रोजीं फेटाळली गेली. पुढें १९८८ मध्यें सदर्न पॅसिफिक दुसऱ्या मालकाकडे गेली. सांता फे १९९५ मध्यें बर्लिंग्टन नॉर्दर्नशीं आणि सदर्न पॅसिफिक १९९६ मध्यें युनियन पॅसिफिकशीं मिळाली. म्हणजे ज्यांचीं अक्षरें एका ओळींत यावयाचीं होतीं, त्या शेवटीं एकमेकींशीं स्पर्धा करणाऱ्या दोन घरांत गेल्या. रेल्वेच्या लोकांनीं त्या चार आद्याक्षरांचा नवाच विग्रह केला : 'इतक्या घाईनें रंगवूं नका', अशा अर्थाचें इंग्रजी वाक्य त्या चार अक्षरांत तंतोतंत बसतें.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या संग्रहीं अशा पोथ्या असतील, कीं ज्यांत काळ्या शाईचा मजकूर पूर्ण आहे, परंतु 'उवाच' व अध्यायसमाप्ति यांसाठीं ठेवलेल्या जागा कोऱ्याच आहेत. लेखकाचा विचार तेथें मागाहून तांबडी शाई भरावयाचा होता. तो योग आला नाहीं. अशी कोरी जागा ही पोथीची उणीव खरी, पण तिच्यावरूनच लेखनाची रीत, क्रम व खंडित झालेला संकल्प हीं कळतात. सांता फेच्या एंजिनावरील कोरी जागा नेमकी तशी आहे. आयोगाचा निकाल कागदोपत्रीं मिळतोच. पण निकालापूर्वीं त्या लोकांस किती खात्री होती, हें त्या कोऱ्या जागेइतकें स्पष्ट कोणताहि कागद सांगत नाहीं. शेवटीं काय झालें हें ठाऊक असलेल्या माणसास पूर्वींच्या लोकांची आशा मूर्खपणाची वाटूं लागते. असे रंग त्या दोषापासून वांचवितात.

५.

आतां या साधनाचा उपयोग करतांना घ्यावयाची एक खबरदारी सांगतों, आणि त्यासाठीं आपल्या प्रांतांतीलच उदाहरण घेतों. डेक्कन क्वीन ही गाडी १ जून १९३० रोजीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनें मुंबई व पुणें यांच्या दरम्यान सुरू केली. तिच्यासाठीं प्रत्येकीं सात डब्यांच्या दोन माळा तयार केल्या होत्या. डब्यांचे खालचे सांगाडे इंग्लंडांत बांधलेले, आणि वरचे देह माटुंग्याच्या कारखान्यांत तयार झालेले. रेल्वेनें दिलेल्या वृत्तांताप्रमाणें एक माळ रुपेरी रंगाची असून तिच्या पट्ट्या किरमिजी तांबड्या होत्या. दुसरी माळ गडद राजनिळी असून तिच्यावर सोनेरी रेघा होत्या. एकाच नांवाची गाडी, आणि तिचे दोन वेष! हे मूळचे डबे १९६६ मध्यें गेले व त्यांच्या जागीं पेरांबूरच्या कारखान्यांतील पोलादी डबे आले.

समजा, या गाडीच्या आरंभींच्या काळचें एक काळेंपांढरें छायाचित्र आपल्या हातीं आलें. त्यांत डबे उजळ दिसतात. तेवढ्यावरून ती रुपेरी माळ, असें म्हणावें काय? म्हणूं नये. त्या काळीं दोन प्रकारच्या काचा व फिल्मा वापरांत होत्या. ऑर्थोक्रोमॅटिक प्रकारास तांबडा प्रकाश जवळजवळ दिसतच नाहीं, म्हणून तांबडी वस्तु त्यांत काळी उमटते, आणि निळी वस्तु डोळ्यांस दिसते त्याहून उजळ उमटते. पँक्रोमॅटिक प्रकार सर्व रंगांस कमीअधिक जागा देतो; त्यांत निळा रंग गडद व तांबडा त्या मानानें उजळ येतो. यास्तव पहिल्या प्रकारच्या काचेवर निळी माळहि फिकट दिसण्याचा संभव आहे. अशा वेळीं डब्याच्या अंगाकडे न पाहतां पट्ट्यांकडे पाहावें, आणि त्याच चित्रांत ज्याचा रंग निश्चित ठाऊक आहे अशी दुसरी वस्तु शोधावी : तांबडा सिग्नल, तांबडी पत्रपेटी, निरभ्र आकाश. तिच्या छटेवरून काचेचा प्रकार कळतो, आणि मग गाडीचा रंग कळतो. एखाद्या लेखकाचा 'व' व 'ब' ओळखण्यापूर्वीं त्याच्या हस्ताक्षराची ढब ओळखावी लागते, त्यांतलाच हा प्रकार.

६.

याहून मोठें संकट आहे तें जीर्णोद्धाराचें. 'फ्लाइंग स्कॉट्समन' हें एंजिन १९२३ सालीं डॉन्कॅस्टर येथें बांधलें गेलें. १९२४ मध्यें त्यास ४४७२ हा अंक मिळाला, आणि सफरचंदी हिरव्या रंगांत तें प्रसिद्धीस आलें. युद्धांत तें काळें झालें. १९४६ मध्यें त्याचा अंक १०३ झाला. जानेवारी १९४७ मध्यें अधिक दाबाचा बॉयलर घालून त्याची जातच बदलली. १९४८ च्या अखेरीस ६०१०३ हा अंक आला. १९४९ ते १९५२ तें वर सांगितलेल्या परीक्षाकाळांतील निळ्या रंगांत होतें, मग गडद हिरव्या. १९५८ मध्यें दुहेरी धुराडें बसलें, १९६१ मध्यें धूर वर लोटणारे पत्रे बसले, आणि जानेवारी १९६३ मध्यें तें कामावरून निघालें.

तेव्हां अॅलन पेग्लर यांनीं तें विकत घेऊन मोडीपासून वांचविलें, हें त्यांचे उपकार. त्यांनीं त्यास पुन्हा सफरचंदी हिरवा रंग व ४४७२ हा अंक दिला, आणि एकेरी धुराडें परत बसविलें. दिसावयास सर्व जुनें झालें; परंतु बॉयलर १९४७ च्या बदलानंतरच्या जातीचा होता, आणि त्या बदलापूर्वींच ४४७२ हा अंक गेलेला होता. म्हणजे तो अंक व ती जात सेवाकाळांत कधींच एकत्र नव्हतीं. १९९९ नंतरच्या जीर्णोद्धारांत तर तोच हिरवा रंग व तोच अंक दुहेरी धुराड्याखालीं आले. संपादक ज्यास मिश्रपाठ म्हणतात तो हाच : एका शाखेचा श्लोकार्ध, दुसऱ्या शाखेचा श्लोकार्ध, आणि दोन्ही मिळून कोणत्याहि कवीनें न लिहिलेला श्लोक.

२००४ मध्यें ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयानें हें एंजिन घेतलें, आणि मोठ्या दुरुस्तीनंतर २०१६ मध्यें तें पुन्हा धावूं लागलें. या वेळीं गडद हिरवा रंग, ६०१०३ हा अंक, दुहेरी धुराडें व धुराचे पत्रे हीं सर्व एकत्र आहेत, आणि १९६१ च्या अखेरीपासून जानेवारी १९६३ पर्यंत तीं खरोखरच एकत्र होतीं. लोकांच्या आवडीचें रूप तें नव्हे; पण एका काळाशीं प्रामाणिक असा पाठ तो आहे. आमच्या मतें संग्रहालयानें हा निर्णय योग्य केला. मात्र पेग्लर यांच्या रंगासहि खोटा म्हणून टाकूं नये. प्रक्षेपासहि त्याचा काळ असतो. १९६३ मध्यें लोकांस कोणता भूतकाळ प्रिय होता, याचें तें उत्तम साधन आहे. दोष आहे तो प्रक्षेपास मूळ पाठ म्हणून दाखविण्यांत.

७.

यावरून कर्तव्य काय निघतें, तें थोडक्यांत सांगतों. आपल्या देशांतहि अनेक स्थानकांच्या आवारांत जुनीं एंजिनें चौथऱ्यावर बसविलेलीं आहेत, आणि त्यांस अधूनमधून नवा रंग लागतो. रंग लावणें अवश्य आहे. त्यावांचून लोखंड गंजेल. परंतु आधींचा रंग खरवडून टाकणें म्हणजे पोथीवर हरताळ फासणेंच होय. हरताळाखालचें अक्षर निदान उजेडांत धरून वाचतां येतें. खरवडलेला रंग पुन्हा येत नाहीं. म्हणून खरवडण्यापूर्वीं एका आडोशाच्या जागीं रुपयाएवढा भाग बारीक कागदानें हलके हलके घासावा. रंगाचे थर एकाभोंवतीं एक अशा वलयांनीं उघडे होतात. सर्वांत आंतलें वलय सर्वांत जुनें. त्या वलयांचें रंगीत छायाचित्र घ्यावें, शेजारीं मापपट्टी ठेवावी, आणि वरपासून खालपर्यंत क्रम लिहून ठेवावा. शक्य असेल तेथें हाताएवढा जुना भाग नव्या रंगाखालीं तसाच राखावा. या कामास खर्च जवळजवळ नाहींच, आणि वेळ एका सकाळचा.

संग्राहकांस एवढेंच सांगावयाचें कीं, रेल्वेचें जुनें छायाचित्र उजळ करण्याच्या भरांत त्याची मूळ काच किंवा फिल्म टाकून देऊं नये; पाठीमागचा लेख व छापखान्याचा शिक्का पुसूं नये; आणि काळ्यापांढऱ्या चित्रांत अनुमानानें रंग भरून तें मूळ म्हणून पुढें पाठवूं नये. ज्या घरांत डेक्कन क्वीनच्या पहिल्या वर्षांचीं चित्रें, तिकिटें किंवा जाहिराती असतील, त्या घरांनीं त्यांची यादी करून ठेवावी, आणि यादींत पट्ट्यांची छटा अंगाहून गडद कीं उजळ, हें एक वाक्य अवश्य लिहावें. त्या दोन माळांपैकीं कोणती माळ चित्रांत आहे, हें पुढच्या अभ्यासकास बहुधा त्याच वाक्यावरून ठरवितां येईल.